डिस्क शाबूत, संगणक बंद: साठवण-मोडच्या बिघाडांचा आढावा

डेस्कटॉप संगणकाच्या मदरबोर्डवर हार्ड डिस्क किंवा एसएसडी हाताळणारा एक कंट्रोलर असतो. हा कंट्रोलर विंडोजसमोर किंवा लिनक्ससमोर कोणत्या रूपात उभा राहणार, हे बायोसमधील एक सेटिंग ठरवते. आयडीई, एएचसीआय आणि रेड ही तिची तीन प्रमुख रूपे आहेत. डेलच्या संगणकांत ती ‘साटा ऑपरेशन’ या नावाने सापडते, एचपीच्या अनेक संगणकांत ‘साटा एम्युलेशन’ या नावाने, तर आसूस, गिगाबाइट, लेनोव्होच्या बोर्डांवर ‘साटा मोड’ किंवा ‘कॉन्फिगर साटा अॅज’ अशा नावांनी. नाव कोणतेही असले तरी काम एकच.

मोड बदलल्याने डिस्कवरचे एकही अक्षर पुसले जात नाही. तरीही तो बदलला की कालपर्यंत नीट चालणारा संगणक आज सुरू होत नाही. विंडोजचे चिन्ह क्षणभर दिसते, निळा पडदा येतो आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागतो. याचे कारण सुरुवातीच्या काही सेकंदांत असते. विंडोज ज्या मोडमध्ये टाकली गेली, त्याच मोडचा ड्रायव्हर ती अगदी आरंभी उचलते. कंट्रोलर दुसऱ्या रूपात समोर आला की तो ड्रायव्हर निरुपयोगी ठरतो आणि पुढच्या फाइली वाचायला विंडोजला वाटच उरत नाही. डिस्क शाबूत असते, माहिती जागेवर असते, तुटलेला असतो तो फक्त संवाद. या बिघाडाविषयी सर्वांत आधी समजून घेण्याची गोष्ट हीच, कारण दुरुस्तीच्या नावाखाली होणारे बहुतेक नुकसान ती न समजल्याने होते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगल जिल्ह्यांत हा प्रश्न का मोठा

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. दोन्ही जिल्ह्यांचा कारभार गेल्या दीड दशकात झपाट्याने संगणकावर आला. २०११ च्या सुमारास ‘संग्राम’ प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आणि संगणक परिचालक आले. पुढे त्याच व्यवस्थेतून आपले सरकार सेवा केंद्रे उभी राहिली. तलाठी कार्यालये, वनपरिक्षेत्र कार्यालये, आश्रमशाळा, एमएस-सीआयटीची केंद्रे, कोपा हा संगणक अभ्यासक्रम शिकवणाऱ्या आयटीआय अशा अनेक ठिकाणी डेस्कटॉप हेच रोजच्या कामाचे साधन आहे.

या डिस्कांवर जे साठते ते सहज परत मिळणारे नसते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचे व्यवहार स्वतः पाहू लागल्या. ग्रामसभेचे ठराव, मजुरीच्या याद्या, दाव्यांचे नकाशे, जीपीएसने घेतलेल्या सीमा या गोष्टींची संगणकावरील प्रत बऱ्याचदा एकुलती एक असते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पासारख्या क्षेत्रात ट्रॅप कॅमेऱ्यांची छायाचित्रे कार्डांवरून उतरवून डिस्कांवर ठेवावी लागतात. जागा भरत जाते, नव्या डिस्क जोडल्या जातात आणि त्या जोडताना बायोस उघडला जातो.

दुसरी बाजू अंतराची. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. सुटे भाग आणि जाणकार दुरुस्तीसाठी चंद्रपूर नाहीतर नागपूर गाठावे लागते. त्यामुळे ‘सीपीयू’ उचलून दुकानात नेण्यापूर्वी जागेवर काय तपासता येईल हे ठाऊक असणे इथे शहरापेक्षा कितीतरी अधिक मोलाचे आहे. मोडचा बिघाड नेमका असा आहे की त्यासाठी सुटा भाग लागत नाही. कारण ओळखता आले तर तो एटापल्लीतही पाच मिनिटांत सुटतो. ओळखता आले नाही, तर अनेक वर्षांची माहिती ‘फॉरमॅट’मध्ये जाते.

तीन मोड, तीन काळ

आयडीई ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यात आली. चाळीस पिनांची रुंद पट्टीसारखी केबल, तिच्यावर दोन डिस्क, एक मास्टर आणि दुसरी स्लेव्ह, आणि ते ठरवण्यासाठी डिस्कच्या मागचा छोटा जंपर अशी तिची रचना होती. या मार्गाची कमाल गती सेकंदाला १३३ मेगाबाइटपर्यंत पोहोचली. एक आज्ञा पूर्ण झाल्यावरच दुसरी द्यायची, ही तिची मूळ मर्यादा.

२००३ च्या सुमारास साटा असलेले मदरबोर्ड बाजारात आले. बारीक केबल, प्रत्येक डिस्कला स्वतंत्र मार्ग, जंपरची गरज नाही. गती आधी सेकंदाला दीड गिगाबिट, मग तीन आणि २००९ नंतर सहा गिगाबिट झाली. पण त्या वेळी सर्वत्र चालणाऱ्या विंडोज एक्सपीला आयडीई एवढेच कळत होते. म्हणून उत्पादकांनी साटा कंट्रोलरला आयडीईचे सोंग घेण्याची सोय दिली. बायोसमधील ‘आयडीई’, ‘कम्पॅटिबल’ किंवा ‘लेगसी’ हा पर्याय म्हणजे हीच सोय. केबल साटाची असते, संवाद मात्र जुन्या पद्धतीने चालतो.

एएचसीआय हा साटाच्या पूर्ण क्षमतेसाठी इंटेलच्या पुढाकाराने तयार झालेला आराखडा. त्याची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. एका डिस्कला एकाच वेळी ३२ आज्ञा रांगेत देता येतात आणि डिस्क त्या आपल्या सोयीच्या क्रमाने पूर्ण करते. संगणक चालू असताना डिस्क काढण्या-जोडण्याची सोयही यातच आहे. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये याचा ड्रायव्हर ‘एमएसएएचसीआय’ नावाने होता. विंडोज ८ पासून त्याची जागा ‘स्टोरएएचसीआय’ने घेतली. एक्सपीमध्ये तो मुळातच नव्हता. एक्सपी टाकताना एफ-६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागत असे.

रेड हा तिसरा पर्याय दोन किंवा अधिक डिस्क एकत्र बांधण्यासाठी आहे. रेड-१ मध्ये दोन्ही डिस्कांवर एकच माहिती असते. रेड-० मध्ये माहिती दोन्हींत विभागली जाते, त्यामुळे एक डिस्क गेली की सगळेच जाते. गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की काही कंपन्या एकच डिस्क असलेला डेस्कटॉपही ‘रेड ऑन’ या सेटिंगवर पाठवतात. डेलच्या संगणकांत हे हमखास आढळते. तिथे डिस्क एकत्र बांधलेल्या नसतात, फक्त इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर वापरात असतो.

यांच्या पुढचा टप्पा एनव्हीएमई. २०११ मध्ये पहिला आराखडा आलेली ही पद्धत साटा कंट्रोलरला वळसा घालून थेट पीसीआय एक्सप्रेस मार्गावर चालते. त्यामुळे एनव्हीएमई एसएसडीवर साटा मोडचा सामान्यतः परिणाम होत नाही. अपवाद इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा आणि अलीकडच्या व्हीएमडी या व्यवस्थेचा. या दोन्ही एनव्हीएमई डिस्कलाही आपल्या आड घेऊ शकतात. एम.२ खाचेत बसणारी प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई नसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. त्याच आकारात साटा एसएसडीही मिळते आणि तिला साटा मोडचे सगळे नियम लागू होतात.

मोड आपोआप कसा बदलतो

‘कोणी हात लावला नाही आणि संगणक बंद पडला’ ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. बायोसची सेटिंग आणि घड्याळ मदरबोर्डवरील सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलवर जपले जातात. हा सेल ३ व्होल्टचा असतो. भिंतीवरचे बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार येत नाही. वीज नसेल किंवा बटण बंद असेल, तेव्हाच सेल खर्ची पडतो. आलापल्ली, एटापल्ली, कोरची, जिवती अशा भागांत पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवतात आणि ते योग्यच आहे. सुट्टीच्या काळात शाळेचा संगणक महिना-दीड महिना बंद राहतो. या साऱ्या काळात भार एकट्या सेलवर असतो. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उष्णतेने सेलची झीज आणखी वाढते.

सेल संपला की बरेच जुने बोर्ड कारखान्यातील मूळ सेटिंगवर परततात. काही बोर्डांवर ही मूळ सेटिंग आयडीई असते, काहींवर एएचसीआय, काहींवर रेड. विंडोज टाकताना तंत्रज्ञाने वेगळा मोड निवडलेला असेल, तर नेमका त्या दिवशी निळा पडदा दिसतो. त्याची खूण घड्याळात सापडते. तारीख अनेक वर्षे मागे गेलेली असते. ज्या संगणकावर काही दिवस तारीख मागे जात होती, सुरक्षित संकेतस्थळे उघडत नव्हती, डिजिटल स्वाक्षरी नाकारली जात होती आणि मग एक दिवस विंडोजच उघडेनाशी झाली, त्या संगणकात सेल हाच पहिला संशयित.

दुसरे कारण माणसाच्या हातून घडते. बायोसमध्ये शिरून ‘लोड डिफॉल्ट्स’ हा पर्याय दाबला जातो. पेनड्राइव्हवरून काही सुरू करण्यासाठी सेटिंग बदलली जाते आणि परत केली जात नाही. बायोसची आवृत्ती नवी केली तरी सेटिंग मूळपदावर जाऊ शकते. विजेच्या झटक्यानंतर बोर्ड सुरू व्हावा म्हणून सेल काढून पुन्हा बसवला जातो. बोर्ड सुरू होतो, पण मोड बदललेला असतो.

तिसरे कारण डिस्कची अदलाबदल. एका कार्यालयातील बोर्ड जळाला की त्याची डिस्क दुसऱ्या संगणकात बसवून काम भागवण्याची रीत सर्वत्र आहे. डिस्कवरची विंडोज जुन्या संगणकाच्या मोडला सरावलेली असते आणि नव्या संगणकाचा मोड वेगळा असू शकतो.

लक्षणांवरून कारण ओळखणे

संगणक सुरू होत नाही म्हणजे मोडच बिघडला असे नव्हे. बिघाड प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर होतो, हे पाहिले की शोधाचे क्षेत्र लगेच आखडते.

पहिला प्रश्न: डिस्क बायोसमध्ये दिसते का? डेलच्या संगणकात सुरुवातीला एफ-२, एचपीमध्ये एफ-१०, लेनोव्होच्या डेस्कटॉपमध्ये एफ-१ आणि सुट्या भागांतून जोडलेल्या बहुतेक संगणकांत डिलीट दाबून बायोस उघडतो. तिथे डिस्कचे नाव आणि क्षमता दिसत नसेल, तर मोडचा विचार बाजूला ठेवावा. बहुधा केबल सैल असते, वीजपुरवठ्याची पिन निघालेली असते, तो पोर्ट बायोसमध्ये बंद केलेला असतो किंवा डिस्क निकामी झालेली असते. खडबडीत रस्त्यावरून मोटारसायकलवर नेलेल्या संगणकात सैल केबल हे नित्याचे कारण आहे. घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा या कोळशाच्या पट्ट्यात पेटी उघडल्यावर धूळ साफ करून केबल काढून पुन्हा घट्ट बसवणे, हीच पहिली कृती असावी. काही बोर्डांवर एम.२ खाचेत एसएसडी बसवली की एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. त्या वेळी डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टात लावली की काम होते.

दुसरा टप्पा: डिस्क बायोसमध्ये दिसते, पण ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येतो. इथे संशय बूटचा क्रम आणि लेगसी-यूईएफआय या बूट पद्धतीच्या सेटिंगवर जातो. जुन्या लेगसी पद्धतीने एमबीआर मांडणीच्या डिस्कवर टाकलेली विंडोज फक्त यूईएफआयवर ठेवलेल्या संगणकाला दिसत नाही, आणि जीपीटी मांडणीच्या डिस्कवर यूईएफआय पद्धतीने टाकलेली विंडोज लेगसीत उघडत नाही. सेल संपल्यावर हीसुद्धा सेटिंग मूळपदावर जाते. म्हणून मोड आणि बूट पद्धत या दोन्ही गोष्टी एकत्र तपासाव्यात, पण एका वेळी एकच बदलावी.

तिसरा टप्पा हा मोडच्या बिघाडाचा खरा प्रदेश. विंडोजचे चिन्ह येते, वर्तुळ फिरू लागते आणि निळा पडदा येतो. विंडोज एक्सपी आणि ७ मध्ये त्यावर ‘७बी’ने संपणारा क्रमांक असतो, तर विंडोज ८ पासून पुढे ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हे शब्द असतात. याचा अर्थ स्पष्ट आहे. बायोसला डिस्क दिसली, तिच्यावरून सुरुवातही झाली, मात्र विंडोजने स्वतः डिस्क हाती घेण्याच्या क्षणी तिला ती सापडली नाही. हाच संदेश कधी डिस्क खराब झाल्याने किंवा विंडोजचे अद्ययावतीकरण अर्धवट राहिल्यानेही येतो. पण मोड तपासायला मिनिटभर लागते आणि त्यात धोका कमी असतो, म्हणून त्याचा नंबर पहिला.

चौथा टप्पा नव्याने विंडोज टाकतानाचा. डिस्क बायोसमध्ये दिसते, पण विंडोजच्या यादीत ‘एकही ड्राइव्ह सापडला नाही’ असे येते. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरच्या संगणकांत याचे नेहमीचे कारण व्हीएमडी असते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक कार्यालयांत नवे संगणक येत आहेत आणि त्यांच्यासोबत ही अडचणही. यावर दोन उपाय आहेत. संगणकाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून, उलगडून पेनड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ या बटणाने द्यावा. किंवा डिस्क कोरी असेल तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून मग विंडोज टाकावी. आधीपासून चालणाऱ्या विंडोजच्या संगणकावर मात्र व्हीएमडी अचानक बंद केल्यास तोच निळा पडदा येतो.

पाचवा प्रकार मंद चालण्याचा. संगणक सुरू होतो, काम करतो, पण रखडत. एसएसडी बसवूनही गती वाढली नाही, तर ती आयडीई मोडमध्ये अडकली आहे का ते पाहावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर’ अशी नोंद असेल तर मोड एएचसीआय आहे. ‘ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई कंट्रोलर’ असेल तर आयडीई. इंटेलच्या नावासह ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’ असेल तर तिसरा प्रकार. एक्सपीच्या जुन्या संगणकांत आणखी एक दोष आढळे: केबलमुळे वारंवार चुका झाल्या की विंडोज त्या डिस्कसाठी डीएमए ही वेगवान पद्धत सोडून पीआयओ या अतिमंद पद्धतीवर उतरत असे. तो दोष केबल बदलून आणि त्या चॅनलची नोंद काढून पुन्हा ओळखू दिल्याने जात असे.

पहिला उपाय: जिथून निघालो तिथे परत

निळा पडदा दिसल्यावर मोड मुळात कोणता होता, एवढेच शोधायचे असते. बायोसच्या सध्याच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. मग मोड एकदा बदलून, एफ-१० ने जतन करून संगणक सुरू करून पाहावा. आयडीई असेल तर एएचसीआय, एएचसीआय असेल तर रेड किंवा आयडीई. संगणक डेलचा असेल तर ‘रेड ऑन’ लवकर तपासावा. विंडोज उघडली की शोध संपला. सेल जुना असेल तर त्याच वेळी बदलून तारीख-वेळ आणि मोड पुन्हा नीट लावावा, नाहीतर पुढच्या वीजखंडितीनंतर तोच प्रसंग येईल.

या प्रयोगाला एकच महत्त्वाचा अपवाद आहे. पेटीत सारख्या क्षमतेच्या दोन डिस्क असतील, तर त्या रेडमध्ये बांधलेल्या असण्याची शक्यता धरून आधी रेड हाच मोड लावून पाहावा. रेड-१ मधील एक डिस्क एएचसीआयमध्ये स्वतंत्रपणे सुरू झाली आणि तिच्यावर नवे लिहिले गेले, तर दोन डिस्कांतील माहितीचा मेळ तुटतो. रेड-० च्या डिस्क वेगळ्या दिसू लागल्या की विंडोज ‘डिस्क इनिशियलाइझ करायची का’ असे विचारते. तिथे ‘हो’ म्हणू नये. मोड परत रेड केला की बहुतेक वेळा मांडणी जशीच्या तशी ओळखली जाते, कारण तिची नोंद डिस्कांवरच असते.

या टप्प्यावर विंडोजची आपोआप चालणारी ‘स्टार्टअप रिपेअर’ फारशी कामाची नाही. बायोसमधील सेटिंग तिच्या हातात नसते. डिस्क तपासणीची आज्ञाही मोड निश्चित होईपर्यंत चालवू नये.

मोड मुद्दाम बदलायचा असेल तर

आयडीईवर चालणाऱ्या संगणकात नवी एसएसडी बसवली, डिस्क तशीच नकलून घेतली आणि आता एएचसीआय हवा, अशी गरज खरी असते. साध्या फिरत्या डिस्कला एकट्या माणसाच्या रोजच्या कामात एएचसीआयने मिळणारा लाभ बेताचाच असतो, एसएसडीला तो जाणवण्याइतका असतो. जुन्या डिस्कवर नीट चालणाऱ्या संगणकाचा मोड केवळ ‘नवा आहे म्हणून’ बदलण्यात अर्थ नाही.

बदलाचे तत्त्व एकच: बायोसला हात लावण्यापूर्वी विंडोजला नव्या मोडचा ड्रायव्हर उचलायला सांगायचे. विंडोज ७ मध्ये हे रेजिस्ट्रीतून होते. ‘सर्व्हिसेस’ या विभागात ‘एमएसएएचसीआय’ या नोंदीखालील ‘स्टार्ट’ची किंमत ३ असते. ती ० केली की ड्रायव्हर आरंभीच उचलला जातो. मग संगणक बंद करून बायोसमध्ये एएचसीआय लावावा. पहिल्या सुरुवातीला विंडोज नवे उपकरण ओळखते आणि एकदा पुन्हा सुरू करायला सांगते.

विंडोज ८, १० आणि ११ मध्ये सेफ मोडचा मार्ग सोपा आहे, कारण सेफ मोडमध्ये विंडोज मूळ ड्रायव्हर नव्याने शोधते. ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडून ‘बूट’ या पानावर ‘सेफ बूट’ची खूण करावी. संगणक पुन्हा सुरू होताना थेट बायोसमध्ये जाऊन मोड बदलावा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडली की ड्रायव्हर बसला असे समजावे. मग ती खूण काढून नेहमीप्रमाणे सुरू करावे. सेफ मोडमध्येही निळा पडदा आला तर बायोसमध्ये जुना मोड परत लावावा. काहीही गमावलेले नसते.

यापूर्वी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. सेफ मोडमध्ये पिन चालत नाही असे घडते, म्हणून खात्याचा पासवर्ड माहीत हवा. बिटलॉकर किंवा उपकरण-एन्क्रिप्शन चालू असेल तर ते तात्पुरते थांबवावे आणि रिकव्हरी-की लिहून ठेवावी, नाहीतर बायोसमधील बदलानंतर संगणक तीच मागतो. आणि जिथे डिस्कला गती देणारी इंटेल ऑप्टेन मेमरी वापरात आहे, तिथे आधी तिच्या प्रणालीतून ती बंद करावी. तसे न करता मोड बदलल्यास डिस्क आणि ऑप्टेन यांच्यातील मेळ तुटतो.

लिनक्सची गोष्ट वेगळी. उबंटू, मिंट यांसारख्या प्रणालींत आयडीई आणि एएचसीआय दोन्हींचे ड्रायव्हर आरंभीच्या संचात असतात आणि डिस्क तिच्या कायम ओळख-क्रमांकावरून शोधली जाते. त्यामुळे या दोन मोडमधील बदल लिनक्स सहसा निमूट पचवते. अडचण येते ती रॅपिड स्टोरेजच्या आड असलेल्या एनव्हीएमई डिस्कची. ती लिनक्सला दिसतच नाही, म्हणून लिनक्स टाकताना मोड एएचसीआय करण्याची सूचना मिळते. त्याच संगणकावर विंडोजही असेल, तर आधी वर सांगितलेली सेफ मोडची पद्धत पार पाडावी लागते.

माहिती आधी, विंडोज नंतर

‘विंडोज उडाली’ असे सांगितले की अनेक ठिकाणी पहिला उपाय ‘फॉरमॅट मारून नवी टाकू’ हाच सुचवला जातो. मोडच्या बिघाडात हा उपाय चालतोही, कारण नवी विंडोज सध्याच्या मोडचा ड्रायव्हर घेऊन बसते. म्हणूनच तो घातक आहे. संगणक सुरू होतो, सगळ्यांना दुरुस्ती झाली असे वाटते आणि ग्रामसभेच्या नोंदी, मजुरीच्या याद्या, वर्षानुवर्षांची छायाचित्रे विनाकारण गेलेली असतात. सेटिंगची एक ओळ परत लावून जे सुटले असते, त्यासाठी गावाची कागदपत्रे गमावणे कुठल्याही अर्थाने स्वस्त नाही. कार्यालयाच्या प्रमुखाने आणि परिचालकाने दुरुस्तीपूर्वी एक अट घालावी: मोड, बूट पद्धत आणि सेल तपासल्याशिवाय आणि माहितीची प्रत घेतल्याशिवाय डिस्क पुसायची नाही.

मोड सापडला नाही तरी माहिती काढण्याचा मार्ग असतो. पेनड्राइव्हवरील लिनक्स, संगणकात न टाकता, ‘ट्राय’ या पर्यायाने चालवावे. साध्या डिस्कवरच्या फायली तिथून दिसतात आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. डिस्क काढून साटा ते यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावली, तरी तेच साधते. बांधलेल्या रेड डिस्कांना आणि एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कला मात्र हा मार्ग जसाच्या तसा लागू पडत नाही.

संगणक सुरू झाल्यावर डिस्कची प्रकृती तपासणे हा दुरुस्तीचाच भाग आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे साधन डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी दाखवते. बदललेले सेक्टर किंवा प्रलंबित सेक्टर वाढत असतील तर डिस्क जाण्याच्या मार्गावर आहे. सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. बहुतेक हार्ड डिस्क ६० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेल्या असतात. उन्हाळ्यात बंद खोलीत, धुळीने भरलेल्या पंख्यांसह डिस्क या सीमेच्या फार जवळ जाते.

नोंद आणि प्रतिबंध

मोडच्या बिघाडाचा सर्वांत स्वस्त प्रतिबंध म्हणजे नोंद. संगणक नवा लागला किंवा विंडोज नव्याने टाकली, की बायोसच्या मुख्य पानांचे फोटो घ्यावेत. पेटीच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर मोड, यूईएफआय की लेगसी, व्हीएमडी चालू की बंद, विंडोज कोणती आणि सेल कधी बदलला एवढे लिहिलेले असले की पुढचा माणूस, मग तो गावातला परिचालक असो की चंद्रपूरहून आलेला तंत्रज्ञ, अंदाजावर काम करणार नाही. कागद मराठीत असला तरी सेटिंगचे नाव बायोसमध्ये जसे छापलेले असेल तसेच उतरवावे.

सीआर २०३२ सेल कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अल्प किमतीत मिळतो. संगणकाची तारीख मागे जाऊ लागली की तो त्याच आठवड्यात बदलावा, आणि एक सेल कार्यालयात राखून ठेवावा. सेल बदलण्यापूर्वी सेटिंगचा फोटो घेणे हा नियमच असावा. यूपीएस आणि योग्य अर्थिंग यांनी झटक्याचा धोका कमी होतो, पण गडगडाटात प्लग काढण्याला पर्याय नाही.

आयटीआय आणि संगणक प्रशिक्षण केंद्रांत हे प्रात्यक्षिक म्हणून सहज शिकवता येते. जुना डेस्कटॉप घ्यावा, मोड बदलून निळा पडदा आणावा, तो पुन्हा पूर्वपदावर आणावा आणि मग सेफ मोडच्या मार्गाने मोड रीतसर बदलून दाखवावा. खर्च काही नाही, पण ज्याने हे एकदा स्वतः केले तो माणूस निळा पडदा पाहून डिस्क पुसायला निघणार नाही. सिरोंचा, भामरागड, जिवतीसारख्या तालुक्यांत प्रत्येक मोठ्या गावात असा एक जाणता हात असणे, हा दूरच्या दुकानावर अवलंबून राहण्यापेक्षा अधिक टिकाऊ उपाय आहे.